आयल्ट्स, टोफेल, पीटीई, ओईटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात मी परदेशी जाणाऱ्यांकडून आयल्ट्स, टोफेल, पीटीई, ओईटी अशा इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून घेते. विद्यार्थी, नर्स, लग्न ठरलेल्या मुली आणि मुलांपेक्षा जास्त काळजीत असलेले त्यांचे आईवडील, सगळेच फोन करतात. सुरुवात ठरलेली: "मॅडम, आयल्ट्सचं जरा विचारायचं होतं." तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. फी, गुणांच्या अटी आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात. त्यामुळे पैसे भरायच्या आधी संबंधित संस्थेची वेबसाइट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एजंटच्या नव्हे.

मी कोणती परीक्षा देऊ?

आधी मला सांगा, निकालाचा कागद कोणाला दाखवायचा आहे? विद्यापीठाला, व्हिसा ऑफिसला, नर्सिंग कौन्सिलला, की तिघांनाही? याचं उत्तर मिळालं की परीक्षा आपोआप ठरते. निम्मे लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. मैत्रिणीने पीटीई दिली म्हणून पीटीई, भाऊ ड्युओलिंगोवर गेला म्हणून ड्युओलिंगो. मग ऑफर लेटर हातात आल्यावर कळतं की व्हिसाला तो कागद चालत नाही आणि पुन्हा फी भरावी लागते. एका मुलाने वर्षभरात तीन वेगवेगळ्या परीक्षा दिल्या. तिन्हींत मार्क चांगले होते, उपयोगी पडली ती एकच.

आयल्ट्स कोण घेतं? ही सरकारी परीक्षा आहे का?

नाही. ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियाची आयडीपी आणि केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग या तिघांची ती सामायिक मालकीची आहे. सध्याच्या नावाने ती १९८९ पासून चालते. भारतात पूर्वी ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी दोघंही ती घ्यायचे, आणि "ब्रिटिश कौन्सिलचा पेपर सोपा असतो" अशी एक अफवा वर्षानुवर्षं फिरायची. २०२१ मध्ये ब्रिटिश कौन्सिलचा इथला आयल्ट्सचा व्यवसाय आयडीपीने विकत घेतला, तेव्हा त्या अफवेचा विषयच संपला. तरी अजून महिन्यातून एकदा कोणीतरी विचारतंच.

परक्या भाषकांचं इंग्रजी तपासायचा हा उद्योग तसा जुना आहे. केंब्रिजने १९१३ मध्ये पहिली अशी परीक्षा घेतली. ती बारा तास चालायची, त्यात भाषांतर होतं, व्याकरण होतं, उच्चारशास्त्रही होतं. तीन जण बसले आणि तिघंही नापास झाले. माझ्या क्लासमधलं कोणी फारच रडवेलं झालं की मी हा किस्सा सांगते.

अ‍ॅकॅडेमिक घेऊ की जनरल ट्रेनिंग?

हे आयल्ट्सचे दोन प्रकार. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि नर्स-डॉक्टरांच्या नोंदणीसाठी अ‍ॅकॅडेमिक. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, जनरल. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हींत सारखंच असतं. रीडिंगचे उतारे आणि रायटिंगचा पहिला प्रश्न वेगळा: अ‍ॅकॅडेमिकला आलेख किंवा तक्ता बघून लिहायचं, जनरलला पत्र. "जनरल सोपी असते" हे अर्धवट खरं आहे. रीडिंगचे उतारे सोपे असतात, पण तपासणी त्या मानाने कडक. अ‍ॅकॅडेमिकला ४० पैकी साधारण ३० बरोबर आले की ७ बँड (आयल्ट्सचे गुण, ९ पैकी) मिळतो, जनरलला त्याच ७ साठी ३४ च्या आसपास लागतात.

पेपर कसा असतो?

लिसनिंग साधारण अर्धा तास, ४० प्रश्न, रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. रीडिंग एक तास, ४० प्रश्न. रायटिंग एक तास, त्यात दोन प्रश्न: पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. स्पीकिंग ११ ते १४ मिनिटं, खऱ्या माणसाशी, समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी ठेवू नका.

किती आले म्हणजे पास?

पास-नापास हा प्रकारच नाही. ० ते ९ अशी पट्टी आहे, अर्ध्या अर्ध्या बँडने चढणारी. "पास" कुठे व्हायचं ते तुमचं विद्यापीठ किंवा कौन्सिल ठरवतं.

चारही भागांची सरासरी काढून एकूण बँड देतात आणि इथे एक गंमत आहे. समजा लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५. बेरीज २७, सरासरी ६.७५. ती वर ढकलली जाते आणि तुम्हाला ७ मिळतात. आता यातलं लिसनिंग ७.५ ऐवजी ७ आलं तर सरासरी ६.६२५ होते आणि एकूण बँड ६.५ वर येतो. म्हणजे एका भागातल्या दोनतीन उत्तरांवर पूर्ण निकाल अर्ध्या बँडने हलतो. म्हणून मी मुलांना सांगते, ज्यात आधीच बरे आहात ते सोडून देऊ नका. मराठी मुलांचं लिसनिंग सहसा लवकर सुधारतं, रायटिंग सगळ्यात शेवटी. सरासरी लिसनिंगने ओढायची.

पण ऑफर लेटरमध्ये "एकूण ६.५, एकाही भागात ६ पेक्षा कमी नको" असं लिहिलं असेल तर हा हिशोब पुरा पडत नाही. ते दुसरं वाक्य लोक वाचतच नाहीत.

लिसनिंगला सगळं समजतं, तरी मार्क जातात. का?

स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक. अनेकवचनाचा शेवटचा एस राहिला की चूक. "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं लिहिलेलं असताना तीन शब्द लिहिले तरी चूक, मग त्यात बरोबर शब्द असला तरीही. रेकॉर्डिंगमधली माणसं आधी एक सांगतात आणि मग फिरवतात: "मंगळवारी भेटू... नाही, थांबा, मंगळवारी मला दवाखान्यात जायचंय, गुरुवारी या." मंगळवार ऐकून पेन खाली ठेवणारे निम्मे असतात. फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक आघाताचा आहे, फिफ्टीनला जोर शेवटावर. फोन नंबरमध्ये शून्याला "ओ" म्हणतात आणि दोनदा आलेल्या अक्षराला "डबल". स्पेलिंग अमेरिकन असो की ब्रिटिश, दोन्ही चालतात. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलंत तरी चालतं.

ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन. हे नॉट गिव्हन काय भानगड आहे?

रीडिंगमध्ये हा प्रकार हमखास असतो: उताऱ्यावरून विधान खरं, खोटं, की उताऱ्यात ते दिलेलंच नाही, ते सांगायचं. घरचं उदाहरण देते. समजा उताऱ्यात एवढंच वाक्य आहे: "खडकवासला धरणाचं पाणी पुणे शहराला आणि शेतीला दिलं जातं."

विधान पहिलं: धरणाच्या पाण्याचा उपयोग शेतीसाठी होतो. ट्रू.

विधान दुसरं: धरणाचं पाणी फक्त शहराला मिळतं. उतारा याच्या उलट सांगतो, म्हणून फॉल्स.

विधान तिसरं: शहराला शेतीपेक्षा जास्त पाणी मिळतं. इथे वर्गातला प्रत्येक पुणेकर एका सुरात उत्तर देतो आणि प्रत्येक इंदापूरकर त्याहून मोठ्या आवाजात. वाद रंगला की मी फळ्यावर लिहिते: नॉट गिव्हन. उताऱ्यात तुलना कुठे आहे? तुम्हाला पेपरातून, गावातून, काकांकडून माहीत असेल. उताऱ्याला माहीत नाही. या प्रश्नात तुमचं सामान्यज्ञान हाच तुमचा शत्रू असतो, आणि गंमत म्हणजे हुशार, चौफेर वाचन असलेली मुलं इथे जास्त फसतात.

मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. तिला जमेल का?

जमेल. मराठी माध्यमाच्या मुलांचं बोलणं सुरुवातीला अडखळतं, पण व्याकरण अनेकदा पक्कं असतं, कारण ते त्यांनी शिकलेलं असतं. इंग्रजी माध्यमाची मुलं घडाघडा बोलतात आणि "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" म्हणून मोकळी होतात. पहिल्या गटाला तोंड उघडायला तीन महिने लागतात, दुसऱ्या गटाला चुका सोडायला सहा. खरं सांगायचं तर मला पहिला गट शिकवायला आवडतो.

आपल्या लोकांच्या ठरलेल्या चुका कोणत्या?

बहुतेक चुका सरळ मराठीतून उतरतात. "मला दोन भाऊ आहेत" वरून ते हॅविंग. "पाच वर्षांपासून राहतोय" वरून "सिन्स फाइव्ह इयर्स", जिथे "फॉर" हवा. आपल्या "च" ला इंग्रजीत जागा नाही, म्हणून आपण "ओन्ली" चिकटवतो: "तिथेच" म्हणजे "देअर ओन्ली". "एक काम करा" चं "डू वन थिंग". "त्याने सांगितलं की" चं "ही टोल्ड दॅट", त्यात कोणाला सांगितलं ते गायब. आपण परीक्षा देतो, म्हणून आपल्या इंग्रजीतही आपण ती "गिव्ह" करतो, तर इंग्रजीत उमेदवार ती "टेक" करतो. आणि आपल्या भाषेत ए, अ‍ॅन, द नाहीतच, तेव्हा ते गाळले जाणार. रायटिंगमध्ये सगळ्यात जास्त लाल खुणा मी याच्याच करते.

उच्चारांचं म्हणाल तर हिंदी पट्ट्यातल्या "इस्कूल" च्या त्रासातून आपण सुटलोय. आपला घोळ व्ही आणि डब्ल्यूचा, दोन्हींना एकच "व". व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा, दात लावायचेच नाहीत. आरशासमोर दहा मिनिटं, आठवडाभर. दुसरं म्हणजे आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजीत एका भागावर जोर असतो. गोऱ्यांसारखा आवाज काढायची मात्र गरज नाही. परीक्षक तुमचं बोलणं सहज समजतंय का ते बघतो, तुम्ही मराठी वाटता का ते नाही. ओढूनताणून अमेरिकन आवाज काढणाऱ्यांचे मार्क जातातच, शिवाय ऐकवत नाही.

स्पीकिंगचं क्यू कार्ड पाठ करून गेलं तर?

क्यू कार्ड म्हणजे स्पीकिंगमध्ये बोलायला दिलेल्या विषयाचं कार्ड. परीक्षक दिवसभर तेच ऐकत असतो. पाठ केलेलं त्याला दुसऱ्या वाक्याला कळतं आणि तो मध्येच वेगळा प्रश्न टाकतो. कार्ड मिळाल्यावर विचाराला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं असतात. "तुम्हाला काही शिकवणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा" हे कार्ड आलं की वर्गातली अर्धी मुलं "माय मदर इज माय रोल मॉडेल" लावतात आणि वीस सेकंदांत संपतात.

कोरेगावकडची एक मुलगी मात्र आजीच्या भाकरीबद्दल बोलली. आजी पिठात नुसती बोटं फिरवून सांगते की ज्वारी यंदाची आहे की जुनी आणि पाणी किती गरम हवं. "परात" ला इंग्रजी शब्द तिला सुचेना. एक क्षण थांबली आणि म्हणाली, मोठं, पसरट, स्टीलचं ताट, कडेने उचललेलं, आम्ही त्यात पीठ मळतो. मग जुन्या पिठाची भाकरी कडेला का तडकते ते समजावलं. दोन मिनिटं कधी संपली तिलाही कळलं नाही. नेमका शब्द न आठवल्यावर वळसा घालून अर्थ पोचवणं या कौशल्याला आयल्ट्सच्या तपासणीत चक्क मार्क आहेत. मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, ती ६ वर अडकली होती, परीक्षेत स्पीकिंगला ७ आले.

रायटिंग ६ च्या वर सरकतच नाही. काय करू?

चार गोष्टींना सारखं वजन असतं: प्रश्नाचं उत्तर दिलं का, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण. ६ आणि ७ मधला मोठा फरक असा की ७ साठी पूर्णपणे बिनचूक वाक्यं वारंवार दिसली पाहिजेत. लांबलचक वाक्यात तीन चुका करण्यापेक्षा मध्यम वाक्य स्वच्छ लिहिलेलं बरं.

पण माझ्या अनुभवात मुख्य रोग वेगळाच आहे. क्लासवाले साचे देतात. "इन धिस कन्टेम्पररी एरा" ने सुरुवात, मध्ये "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स", शेवटी "टू कन्क्लूड". प्रश्न होता, सार्वजनिक बससेवा सर्वांना फुकट द्यावी का, तुम्ही कितपत सहमत आहात? मुलाने वाहतूक कोंडी आणि प्रदूषणावर २८० शब्द लिहिले. छान लिहिले, पण फुकट द्यावी की नाही हे शेवटपर्यंत सांगितलंच नाही. कितीही सफाईदार लिहिलं तरी पहिल्या निकषावर तो आपटणारच. सहमत असाल तर पहिल्या परिच्छेदात सांगा, नसाल तरी सांगा. एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत २०२३ पासून आहे. घरात त्याने काय बदललं ते दोन ओळीत लिहा. तुमच्या डोळ्यांसमोरचं उदाहरण साच्यातल्या वाक्यापेक्षा कधीही चांगलं.

टोफेल, पीटीई आणि ड्युओलिंगो यांत फरक काय?

टोफेल अमेरिकेतल्या ईटीएस संस्थेची, १९६४ पासूनची. अमेरिकेच्या विद्यापीठांत पूर्वी तीच चालायची, आता बहुतेक ठिकाणी आयल्ट्सही चालते. तीत माणूस नाही, माइकमध्ये बोलायचं. पूर्वी १२० पैकी गुण मिळायचे. जानेवारी २०२६ पासून १ ते ६ ची नवी पट्टी आली आहे आणि बदलाच्या काळापुरता जुन्या पट्टीवरचा आकडाही सोबत देतात. विद्यापीठाच्या पानावर १०० लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ती जुनी पट्टी आहे.

पीटीई पिअर्सन कंपनीची, १० ते ९० गुण, सुमारे दोन तासांची आणि तपासणी मुख्यतः संगणकाची. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांत लोकप्रिय. माणसासमोर घाबरणाऱ्यांना बरी, पण शेजारच्या टेबलावर कोणीतरी मोठ्याने बोलत असतं, त्याची सवय हवी.

ड्युओलिंगो घरून, तासाभरात, इतरांपेक्षा बरीच स्वस्त, गुण १० ते १६०. अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं घेतात. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला आणि कॅनडाच्या पीआरला ती चालत नाही. घरात शांतता हवी ही अट साधी वाटते, पण एका विद्यार्थिनीच्या मागे आजोबा चहा विचारायला आले आणि परीक्षा रद्द झाली.

मी जीएनएम नर्स आहे, यूकेला जायचंय. आयल्ट्स की ओईटी?

तिथली नर्सिंग कौन्सिल दोन्ही घेते. आयल्ट्स अ‍ॅकॅडेमिकला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५ लागतं. रायटिंगची अट २०१८ च्या शेवटापर्यंत ७ होती आणि कित्येक चांगल्या नर्स तिथेच अडकायच्या. ओईटीला रायटिंगमध्ये ३०० म्हणजे सी प्लस आणि बाकी तीन भागांत ३५० म्हणजे बी लागतो.

ओईटी ऑस्ट्रेलियात आरोग्य क्षेत्रासाठीच तयार झाली, बारा व्यवसायांसाठी तिची वेगवेगळी रूपं आहेत. रायटिंगमध्ये रुग्णाच्या नोंदींवरून रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं. स्पीकिंगमध्ये दोन प्रसंग: समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक, तुम्ही नर्स. दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहिण्यापेक्षा "घाबरू नका, टाक्यांना पाणी लागू देऊ नका" हे इंग्रजीत सांगणं सोपं जातं. फी मात्र आयल्ट्सपेक्षा बरीच जास्त. माझा सल्ला: वॉर्डाचा अनुभव भरपूर असेल तर ओईटी, नुकत्याच पास झाला असाल तर आधी आयल्ट्सची एक मॉक देऊन बघा.

लग्न होऊन लंडनला जायचंय. मलाही ६.५ आणावे लागतील?

नाही हो. जोडीदाराच्या व्हिसासाठी सुरुवातीला ए१ ही सगळ्यात खालची पातळी पुरते, तीही फक्त ऐकणं आणि बोलणं. आयल्ट्स लाइफ स्किल्स ए१ नावाची वेगळी परीक्षा असते, पंधरावीस मिनिटांची. तुमच्याबरोबर आणखी एक उमेदवार बसतो आणि दोघांनी एकमेकांशीही बोलायचं. इथे मात्र पास किंवा नापासच असतं. पुढे व्हिसा वाढवताना ए२ आणि कायमच्या वास्तव्यासाठी बी१ लागतं, तेव्हा तिकडे गेल्यावर बोलायची सवय मोडू देऊ नका. सासरी सगळे मराठीच बोलणार.

आयल्ट्स आणि यूकेव्हीआय आयल्ट्स वेगळी आहे का?

यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचा व्हिसा विभाग. पेपर तोच. बुकिंग वेगळं, सुरक्षेचे नियम कडक, फी थोडी जास्त. ब्रिटनच्या व्हिसासाठी जिथे सरकारमान्य सुरक्षित परीक्षा मागितली असेल तिथे साधी आयल्ट्स चालत नाही. पदवी स्तराच्या प्रवेशाला मात्र बरीच विद्यापीठं साधी आयल्ट्स स्वीकारतात. अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

गोव्याहून विचारतोय. पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तरी परीक्षा लागेल?

ब्रेक्झिटआधी असे कितीतरी गोंयकार कसलीही परीक्षा न देता इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन कामाला लागले. २०२० च्या अखेरीस ती वाट बंद झाली. आता ब्रिटनमध्ये नोकरीसाठी नव्याने जायचं तर वर्क व्हिसा आणि इंग्रजीचा पुरावा, दोन्ही हवं. त्यासाठीची पातळी जानेवारी २०२६ पासून बी१ वरून बी२ झाली, म्हणजे आयल्ट्सच्या हिशोबात प्रत्येक भागात ५.५. आयर्लंड युरोपीय संघातच असल्याने तिथे राहायला पोर्तुगीज नागरिकाला ही परीक्षा लागत नाही.

कॅनडा आणि जर्मनीचं काय?

कॅनडाच्या पीआरच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत सगळे ज्याच्या मागे असतात तो सीएलबी ९ (सीएलबी ही कॅनडाची भाषेची पट्टी) म्हणजे आयल्ट्स जनरलला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७. विद्यार्थ्यांची झटपट व्हिसाची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. कोणी अजून तिच्या नावाने पैसे मागत असेल तर फोन ठेवा.

जर्मनीत इंग्रजीतून शिकवणाऱ्या कोर्सला आयल्ट्स किंवा टोफेल बहुतेक ठिकाणी लागते. पण आउसबिल्डुंगला (कामासोबतच्या व्यवसाय प्रशिक्षणाला) किंवा कामाला जाणार असाल तर जर्मन शिका. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा आमच्याकडे आयटीआयच्या मुलांची आयल्ट्ससाठी रांग लागली होती. सगळ्यांना परत पाठवलं.

बारावीला इंग्रजीत ८२ आहेत. परीक्षा माफ होते का?

कधी कधी. ब्रिटनमधली काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुण धरतात, पण कोणती मंडळं मान्य आणि किती टक्के हवेत हे प्रत्येकाचं वेगळं. कॉलेजकडून "शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं" असं पत्रही काही ठिकाणी चालतं. "आयल्ट्सशिवाय परदेश" अशी पाटी लावणारे हेच सांगत असतात, फक्त अर्धं.

मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. अडचण येईल?

परीक्षेचं नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, अक्षर न अक्षर. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, तसंच भरा. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट बदला, मग परीक्षा बुक करा. मधल्या अवस्थेत देऊ नका.

फी किती आणि निकाल किती दिवस चालतो?

हे लिहिताना आयल्ट्सची फी १७-१८ हजारांच्या घरात आहे. निकाल साधारण दोन वर्षं धरला जातो. ऑस्ट्रेलियाच्या काही व्हिसांसाठी मुदत कमी आहे.

एकाच भागात कमी पडले. पुन्हा सगळं द्यायचं?

संगणकावरच्या आयल्ट्सला एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. मात्र तो निकाल सगळीकडे मान्य नाही, आधी विचारा. फेरतपासणी सहा आठवड्यांत मागता येते आणि बँड वाढला तर तिची फी परत मिळते. लिसनिंग-रीडिंगसाठी मी फेरतपासणी सुचवत नाही. रायटिंगला अर्ध्याने हुकलं असेल तर करून बघा.

एक जण म्हणतो, दोन लाखांत ७ बँड मिळवून देतो. खरं असतं का?

निकाल विद्यापीठं आणि दूतावास थेट ऑनलाइन पडताळतात, तेव्हा छापील खोटा कागद कुठेच पोचत नाही. आणि परीक्षेतच हेराफेरी झाली तर? २०२२ मध्ये कॅनडातून अमेरिकेत शिरताना नदीत बोट बुडू लागल्याने गुजरातमधले काही तरुण पकडले गेले. न्यायाधीशांचं इंग्रजी त्यांना समजेना, पण त्यांच्या आयल्ट्सच्या निकालावर ६.५ ते ७ बँड होते. मग मेहसाणा पोलिसांनी चौकशी लावली.

त्याहून मोठं प्रकरण ब्रिटनचं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीने लंडनच्या केंद्रांवर टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत तोतये बसतात हे छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसने २०११ ते २०१४ मधल्या ५८,४५८ परीक्षा तपासल्या आणि ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले, त्यात भारतीय पुष्कळ. त्यातल्या अनेकांनी प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती असं पुढे खटल्यांत समोर आलं, पण तोवर त्यांची वर्षं गेली होती. दोन लाख मागणाऱ्याला हे प्रकरण माहीत असतं. तो तुम्हाला सांगणार नाही.

तयारीला किती दिवस लागतात? क्लास लावावाच लागतो का?

रोज दोन तास दिले तर सध्याच्या पातळीवरून अर्धा बँड चढायला दोन-तीन महिने धरा. लिसनिंग आणि रीडिंगला क्लासची गरज नाही, केंब्रिजचे जुने पेपर सोडवा, घड्याळ लावून. रायटिंग मात्र कोणाकडून तरी तपासून घ्या. हे लिहून मी माझंच गिऱ्हाईक कमी करतेय, याची कल्पना आहे.

परीक्षेला जाताना काय न्यायचं?

पासपोर्ट. मूळ, मुदतीतला, ज्याचा नंबर बुकिंगला दिलाय तोच. आधार, पॅन, लायसन्स काहीही चालत नाही, झेरॉक्स तर नाहीच. पुण्यात सकाळची बॅच असेल तर आदल्या रात्री तिकडे राहा, खंबाटकी घाटातल्या ट्रकच्या रांगेला तुमची वेळ माहीत नसते. आमचा एक विद्यार्थी पहाटे साडेचारला निघाला, वेळेत पोचला, आणि पिशवीतून पासपोर्टचं सुंदर लॅमिनेट केलेलं रंगीत झेरॉक्स काढलं. मूळ पासपोर्ट आईने कपाटात कुलपात ठेवला होता, हरवू नये म्हणून.